झोळीत पाठ गारठू नये म्हणून

अरे, झोळीत, म्हणजे दोन झाडांना बांधायच्या हॅमॉकमध्ये, रात्र काढायची तर आधी पाठीचा विचार कर. झोळीत स्लीपिंग बॅग पाठीखाली दबते, तिच्यातली हवा निघून जाते आणि खालून वारा थेट लागतो. हरिश्चंद्रगडावर जानेवारीत मी असाच पहाटे तीनला कुडकुडत उठून बसलो होतो. वर दोन पांघरुणं होती, पाठ मात्र बर्फ!

३० लिटरच्या सॅकमध्ये पूर्ण लांबीची गादी कोंबू नकोस. झोळीबाहेर खालून टांगायची अंडरक्विल्ट, म्हणजे पिसांची किंवा सिंथेटिक रजई घे, तीही पाऊण लांबीची, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत. पायांखाली फोमचा छोटा तुकडा, बसायला घेतो तसा, पुरतो. टांगल्यावर आत झोपून सोबत्याला खालून हात फिरवायला सांग. कापड आणि क्विल्टमध्ये पोकळी लागली, तर दोरी थोडी आवळ. फार आवळलीस तर पिसं दबतात, मग ऊब गेलीच.

पिसांची क्विल्ट सर्वांत लहान घडी होते, पण ओली झाली की फुगत नाही. आपल्याकडे हिवाळ्यात दव बरंच पडतं, म्हणून वर ताडपत्री हवीच. पावसाळी रानात मी सिंथेटिकच नेतो, जागा जास्त खाल्ली तरी. बजेट कमी असेल तर यंदा साधी फोमची चटई झोळीत टाक. रात्री सरकते, पण पाठ वाचते.