संभ्रम नव्हे, भ्रम

विचारणा अशी आहे: मनोरुग्णांच्या डिल्यूजनचे, म्हणजे पुराव्यानेही न हलणाऱ्या चुकीच्या ठाम समजुतीचे, मोजमाप करणाऱ्या एका प्रश्नावलीचे मराठी भाषांतर चालू आहे, त्यात 'संभ्रमाची तीव्रता' असे लिहिले तर चालेल का?

अजिबात नाही. संभ्रम मतदारांत असतो, प्रवेशाच्या नियमांवरून पालकांत असतो. हे खरे की ते, हे ठरत नसले की आपण संभ्रम म्हणतो. डिल्यूजनमध्ये तर सगळे कधीच ठरून गेलेले असते. शेजारी आपल्या जेवणात विष कालवतो, याबद्दल त्या माणसाला तिळमात्र शंका नसते. जर्मन मनोविकारतज्ज्ञ कार्ल यास्पर्स यांनी १९१३ साली डिल्यूजनची जी लक्षणे सांगितली, त्यांत असामान्य खात्री आणि कुठल्याही पुराव्याने न ढळणे ही दोन आहेत. तरीही आपल्या परिभाषाकारांनी पॅरानोइयाला, म्हणजे लोक आपल्या वाईटावर आहेत अशा पक्क्या समजुतीच्या विकाराला, 'संभ्रमविकृती' करून ठेवले! संस्कृतात संभ्रम म्हणजे गडबड, घाई, आदराची लगबगसुद्धा. यातला कुठला अर्थ त्यांना इथे हवा होता?

शंका आणि चुकीची खात्री यांतला हा भेद आपल्याकडे फार जुना आहे. अन्नंभट्टांच्या तर्कसंग्रह या न्यायशास्त्रावरच्या ग्रंथात अयथार्थ, म्हणजे खऱ्याशी न जुळणाऱ्या, अनुभवाचे प्रकार सांगताना संशय वेगळा आणि विपर्यय वेगळा काढला आहे. खुंट आहे की माणूस, हा संशय. शिंपल्याला ठामपणे चांदी म्हणणे, हा विपर्यय. या विपर्ययालाच भ्रम म्हणतात.

आणि भ्रम हा शब्द किती सुंदर आहे! धातू भ्रम्, म्हणजे गरगर फिरणे. भ्रमण त्यातलेच, भोवळ त्यातली, भोवंडणे त्यातले, आणि पोरांचा भोवराही त्यातलाच. मला तर या शब्दाचे सगळे मर्म भोवऱ्यात दिसते. जोरात फिरणारा भोवरा जागच्या जागी ताठ उभा राहतो. धक्का दिला तरी पडत नाही, पुन्हा सावरतो. डिल्यूजनचे वर्णन याहून नेमके कसे करणार?

भ्रम आणि भास यांचीही सर्रास सरमिसळ ऐकू येते. मराठीचा वापरही बहुधा त्यांना वेगळे ठेवतो. भास *होतो*, कारण तो कानाडोळ्यांचा. भ्रमात माणूस *असतो*, कारण ती समजूत आहे. मनोविकाराची लक्षणे मोजणाऱ्या, १९९९ साली आलेल्या सायरॅट्स (PSYRATS) या मोजपट्टीतही दोन स्वतंत्र भाग आहेत: ऐकू येणाऱ्या आवाजांसाठी ११ बाबी, भ्रमांसाठी ६, आणि प्रत्येकीला ० ते ४ गुण.

त्या सहा बाबी पाहिल्या की 'तीव्रता' हा शब्दही अपुरा पडतो. तो विचार मनात किती वेळा येतो, आला की किती वेळ टिकतो, त्यावर खात्री किती, त्रास कितीदा, त्रास किती तीव्र, आणि रोजच्या जगण्यात अडथळा किती, असे सगळे वेगवेगळे मोजायचे असते. आपण अवतारी पुरुष आहोत अशी शंभर टक्के खात्री असलेल्याला त्रास शून्यही असू शकतो. तेव्हा भाषांतरात 'खात्री' आणि 'त्रास' हे शब्द वेगळेच ठेवा.

'भ्रम' हा शब्द मात्र तपासणाऱ्याच्या कागदावरच राहू द्या. रुग्णाला 'तुमचा भ्रम किती पक्का आहे?' असे विचारले, तर विचारण्याआधीच निकाल दिल्यासारखे होते. 'हे असेच आहे, याची तुम्हाला कितपत खात्री वाटते?' असे विचारा.