स्विफ्टच्या १४ इंची लोखंडी रिमवर १८५ किंवा १९५ चा टायर चालेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: स्विफ्ट व्हीएक्सआय, कंपनीचे लोखंडी रिम, त्यावर १४×५जे (१४ इंच व्यास, ५ इंच रुंदी) कोरलेलं, मूळ टायर १६५/८० आर१४ ८५टी (१६५ मिमी रुंदी, साइडवॉल म्हणजे बाजूची भिंत त्याच्या ८० टक्के उंच, १४ इंची रिमसाठी; ८५ हा भाराचा आकडा, टी हे वेगाचं अक्षर). दुकानदार म्हणतो १९५/६५ नाहीतर १८५/६५ टाका, गाडी रस्ता धरून चालेल. रिम बदलायचे नाहीत आणि पुणे–चिपळूण कुंभार्ली घाटातून नेहमीची ये-जा आहे.

रिम तेच ठेवणार असाल तर १८५/७० आर१४ घ्या. १९५/६५ त्या रिमवर टाकू नका. १८५/६५ रिमवर बसतो, पण तुमच्या गाडीला तो बुटका पडतो.

आधी रिमच्या रुंदीचं बघू, कारण दुकानात बहुतेक वेळा फक्त १४ हा आकडा जुळवला जातो. १४ जुळला की टायर रिमवर चढतोच, त्यात शंका नाही. पण प्रत्येक टायरच्या मापाला किमान आणि कमाल रिमरुंदी ठरलेली असते आणि ती टायर कंपनीच्या तक्त्यात छापलेली असते. १८५/७० ला ४.५ ते ६ इंच चालते, १८५/६५ ला ५ ते ६.५, १९५/६५ ला ५.५ ते ७. तुमचा रिम ५ इंचाचा. म्हणजे १९५/६५ सरळ बाद. १९५/७० ची किमान मर्यादा ५ आहे, म्हणून कागदावर तो काठावर पास होतो, पण तोही मी सुचवणार नाही. त्याचं कारण अरुंद रिमवर रुंद टायरचं जे होतं त्यात आहे.

अरुंद रिम दोन्ही बीड (टायरच्या रिममध्ये बसणाऱ्या कडा) एकमेकांकडे ओढून धरतो. त्यामुळे साइडवॉल बाहेर फुगतात आणि टायरचा माथा सपाट न राहता मधे उंच होतो. रस्त्याला मधला पट्टा जास्त टेकतो आणि तोच आधी झिजतो. घाटातल्या वळणावर स्टिअरिंग फिरवलं की रिम आधी वळतो, फुगलेली साइडवॉल कलंडते आणि मग माथा वळतो. गाडी थोडी उशिरा ऐकते, डुलल्यासारखी वाटते. जी पकड मिळावी म्हणून पैसे खर्च करायचे तीच अशी हातची जाते. हवा कमी असेल तर हीच साइडवॉल जास्त दुमडून तापते, आणि भरल्या गाडीत टायर फुटण्याची सुरुवात तिथूनच होते.

आता उंची. १६५/८० चा व्यास सुमारे ६१९.६ मिमी (१४ इंच म्हणजे ३५५.६, अधिक १६५ च्या ८० टक्क्यांची दुप्पट). १८५/७० चा ६१४.६, फरक ५ मिमी, एक टक्क्याहून कमी. १८५/६५ चा ५९६.१, म्हणजे जवळपास ४ टक्के लहान. त्याने गाडी सुमारे १२ मिमी खाली बसते. गतिरोधकावर पोट घासणाऱ्या गाडीला १२ मिमी पुष्कळ झाले. शिवाय वेगाचा काटा आधी खऱ्या १०० ला १०० दाखवत असेल तर आता खऱ्या ९६ लाच १०० दाखवेल. किलोमीटरही जास्त मोजले जातील, त्यामुळे मायलेज वाढल्यासारखं दिसेल. ते वाढलेलं नसतं. १९५/७० उलट ९ मिमी मोठा, तिथे काटा कमी वेग दाखवण्याकडे झुकतो आणि ते जास्त वाईट. १७५/७० विचारात असेल तर तोही सोडा. तो ३ टक्के लहान आहे आणि त्याचा भारांक बहुधा ८४ असतो.

भारांकाचं गणित सोपं आहे. ८५ म्हणजे एका टायरला ५१५ किलो, ८४ म्हणजे ५००, ८८ म्हणजे ५६०. मूळ टायरच्या ८५ च्या खाली कधीच जायचं नाही, आणि वेगाचं अक्षर टी (ताशी १९०) च्या खालचं घ्यायचं नाही. १८५/७० आर१४ साधारण ८८ मध्ये येतो, म्हणून इथे प्रश्न नाही.

रुंदी २० मिमीने वाढेल असं नावावरून वाटतं, प्रत्यक्षात ५ इंची रिमवर ती १४-१५ मिमीच वाढते. रिम तोच असल्याने ऑफसेट (रिम आत-बाहेर किती बसतो ते अंतर) बदलत नाही, वाढ दोन्हीकडे सारखी वाटली जाते: सात-साडेसात आत, तेवढीच बाहेर. जुने टायर अंगावर असतानाच हे तपासून घ्या. स्टिअरिंग आधी डावीकडे, मग उजवीकडे पूर्ण वळवा. पुढच्या शॉकअबच्या नळीपासून टायरच्या आतल्या बाजूचं अंतर मोजा, आणि मडगार्डच्या प्लास्टिक लायनरपासूनचंही. मागच्या चाकांसाठी गाडीत चार माणसं बसवून किंवा डिकीत वजन टाकून मडगार्डच्या आतल्या दुमडीपर्यंतची फट बघा. मोजलेल्या अंतरातून ८ मिमी वजा करून कुठेही निदान ६-७ मिमी उरले पाहिजेत. गाडीच्या स्प्रिंगा दबलेल्या असतील किंवा अपघातात लायनर वाकडा बसला असेल तर तुमचा आकडा दुसऱ्याच्या स्विफ्टशी जुळणार नाही, म्हणून मोजणं टाळू नका.

टायर चढवताना दुकानात उभे राहा. लोखंडी रिमला बीड बसतो त्या कडेवर गंज असतो. तो वायर ब्रशने साफ करून पुसला नाही तर ट्यूबलेस टायरची हवा दर आठवड्याला दोन-तीन पीएसआय उतरते आणि पंक्चर कुठेच सापडत नाही. रबरी व्हॉल्व्ह चारही नवे घाला. बीडला साबणाचं पाणी किंवा टायर पेस्ट लावू द्या, ग्रीस किंवा ऑइल नको. त्याने रबर खराब होतं आणि ब्रेक मारल्यावर टायर रिमवर सरकू शकतो. बीड बसवताना ४० पीएसआयच्या वर जाऊ देऊ नका. तेवढ्यात बसला नाही तर हवा सोडून पुन्हा पेस्ट लावायची. बसल्यावर रिमच्या कडेलगत टायरवर एक बारीक उठावाची रेघ दिसते, ती गोलभर सारख्या अंतरावर हवी. गळतीवर उपाय म्हणून कोणी ट्यूब सुचवली तर नको म्हणा, ट्यूबलेस टायरमध्ये ती घासून तापते. बॅलन्सिंग चारही चाकांचं करा, अलाइनमेंट त्यानंतर.

टायर विकत घेताना साइडवॉलवरचे शेवटचे चार अंक वाचा. २३२५ म्हणजे २०२५ चा २३ वा आठवडा. वर्षाहून जुना माल पूर्ण किमतीत घेऊ नये.

हवा दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणेच भरा, टायर थंड असताना. टायर रुंद आहे म्हणून कमी भरायची नाही आणि साइडवॉलवर छापलेला कमाल दाबही भरायचा नाही. एक्सएल (जादा भाराचा) लिहिलेला टायर घेतलात तर मात्र त्याच वजनाला थोडी जास्त हवा लागते.

चारही एकदम बदलणं उत्तम. दोनच बदलायचे असतील तर एका ॲक्सलवर दोन्ही एकाच मापाचे आणि एकाच कंपनीचे, आणि नवे मागे. पावसात मागचं चाक सुटलं तर गाडी फिरते, सावरणं कठीण जातं. पुढे-मागे ५ मिमी व्यासाच्या फरकाने एबीएस गोंधळत नाही. नवा टायर ८ मिमी नक्षीपासून १.६ पर्यंत झिजला तरी व्यास जवळपास १३ मिमी कमी होतो, आणि एबीएस तेवढं धरून चालतं. १६५ ची स्टेपनी तशीच राहू द्या. पंक्चर पुढे झालं तर शक्यतो मागचं चांगलं चाक पुढे आणून स्टेपनी मागे लावा आणि पंक्चर निघेपर्यंत सावकाश चालवा.

कुंभार्लीबद्दल एक सांगायला हवं. पावसाळ्यात रस्त्यावर पाणी साचलेलं असतं तेव्हा रुंद टायर अरुंद टायरपेक्षा लवकर पाण्यावर तरंगतो. १८५ ने कोरड्यात वळणावर आणि ब्रेकिंगमध्ये थोडा फायदा मिळतो, पण ओल्यात खरी पकड रबराच्या दर्जावर आणि नक्षीच्या खोलीवर ठरते. कायद्याने १.६ मिमी चालत असली तरी घाटात ३ मिमी उरली की टायर बदला. बजेट मर्यादित असेल तर स्वस्तातल्या १८५ पेक्षा चांगल्या कंपनीचा मूळ मापाचा १६५/८० मला जास्त पटतो. त्याने मायलेज आणि स्टिअरिंगचा हलकेपणाही टिकतो.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलाबाहेरच्या बदलांबद्दल आहे. मॅन्युअल आणि स्टिकरवर नसलेलं माप टाकत असाल तर विमा कंपनीला आधी लेखी कळवा, म्हणजे दाव्याच्या वेळी वाद होणार नाही.

रिम न बदलण्याचा हट्ट सोडायला तयार असाल तर त्याच पिढीच्या झेडएक्सआयचे कंपनीचे १५ इंची रिम बघा. त्यावर १८५/६५ आर१५ येतो, व्यास ६२१.५ मिमी, म्हणजे तुमच्या मूळ टायरपेक्षा जेमतेम २ मिमी जास्त, आणि ते माप कंपनीनेच त्या गाडीला दिलेलं आहे. वापरलेले घेणार असाल तर बॅलन्सिंग मशीनवर फिरवून कड वाकलेली नाही ना ते आधी बघा.

काहीही लावलंत तरी पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर नट पुन्हा कसून घ्या आणि टॉर्चने चारही मडगार्डच्या आत बघा. लायनरवर किंवा शॉकअबच्या नळीवर घासल्याचा चकचकीत काळा पट्टा दिसला तर ते टायर त्या गाडीला चालवू नका.