बॉल हातात नसताना

प्रिय,

तुझा बास्केटबॉलचा हायलाइट व्हिडिओ दोनदा पाहिला. थ्री-पॉइंटर झकास आहेत. पण तीन मिनिटांत एकदाही तू बॉलशिवाय दिसत नाहीस, आणि इथे अमेरिकेत कॉलेजचा कोच संघासाठी पोरं निवडताना बघतो ते नेमकं तेच.

कनेटिकट विद्यापीठाच्या मुलींना शिकवणाऱ्या जीनो ऑरिएमांनी 2025 पर्यंत 12 राष्ट्रीय विजेतेपदं जिंकली. बेंचवर तोंड पाडून बसणारीला खेळवण्यापेक्षा हरलेलं परवडलं, असं ते उघड सांगतात. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचे कोच डीन स्मिथ यांचा नियम तर अगदी साधा होता: बास्केट झाली की पास देणाऱ्याकडे बोट दाखवायचं.

गेल्या जुलैत इथे न्यू जर्सीत मी एक स्पर्धा बघत होतो. शेजारी एका कॉलेजचा सहायक कोच, मांडीवर वही. तो ज्या पोराला बघायला आला होता, त्याला मधेच बाहेर काढलं. पोरगा आत जाणाऱ्याला टाळी न देता सरळ शेवटच्या खुर्चीवर गेला आणि टॉवेल डोक्यावर घेऊन बसला. टाइमआउटमध्ये सगळे घोळक्यात, हा खुर्चीतच. शेजाऱ्याने वहीत एक आडवी रेघ मारली आणि कॉफी आणायला उठला. त्या पोराचे तोवर अठरा पॉइंट झाले होते.

आता म्हणशील, एवढ्यावरून माणूस कळतो? नाही कळत. मलाही ही पद्धत पुरती पटत नाही. आपल्याकडे मोठं माणूस रागावलं की मान खाली घालतात, वर बघितलं तर उद्धटपणा. इथे खाली बघितलंस की कोचला वाटतं, याचं लक्षच नाही. तेवढी सवय मोड. आणि खरं सांगू? सात फुटी पोराचे नखरे पुष्कळ कोच खपवून घेतात. तू सहा फूट एक इंच आहेस.

कोचला मेल तू स्वतः लिही, बाबांकडून नको. त्यांना माझा नमस्कार सांग, आणि रेफरीवर ओरडणं जरा कमी करा म्हणावं. तुझ्या व्हिडिओत बॉलच्या आवाजापेक्षा त्यांचाच आवाज जास्त येतो.

सध्या एकच काम कर. मागच्या महिन्यात हरलात आणि तुला शेवटची सहा मिनिटं बसवलं होतं, तो सामना अख्खा पाठव. कापाकापी नको. कॅमेरा बेंचकडे वळला असेल तर उत्तमच.

तुझा,
काका