बारामतीच्या बाजूला प्रशिक्षण विमान उतरताना पुढचं चाक मोडलं म्हणे. चूक वैमानिकाची की जुन्या विमानाची?

बहुतेक वेळा चाक मोडतं ते जास्त वेगात उतरल्यामुळे, विमानाच्या वयामुळे नाही. पुण्याजवळ अशी विमानं उडवायला शिकलोय, त्या अनुभवातून सांगतो. सेस्ना १७२ हे शिकवण्यासाठी वापरलं जाणारं छोटं विमान साधारण ६५ नॉटला, म्हणजे ताशी १२० किमीच्या आसपास, उतरायला आणतात. वेग दहा नॉट जास्त राहिला तर विमान टेकायलाच तयार होत नाही, तरंगत राहतं. मग शिकाऊ वैमानिक घाईने नाक खाली दाबतो आणि जो भार मागच्या भक्कम चाकांनी घ्यायचा तो पुढच्या नाजूक पायावर येतो. विमान उसळतं, तो पुन्हा दाबतो, उसळी आणखी मोठी होते. दोन-तीन उसळ्यांत चाक जातं, पंखा जमिनीला घासतो. खरं तर पहिल्याच मोठ्या उसळीला पूर्ण पॉवर देऊन पुन्हा हवेत जावं. त्यात कमीपणा काहीच नाही, हे शिकणाऱ्या प्रत्येकाला कळकळीने सांगावंसं वाटतं.

आपल्याकडे आणखी दोन गोष्टी भर घालतात:
- एप्रिल-मेच्या दुपारी तापलेल्या जमिनीवरून उठणारे झोत आणि आडवा वारा.
- सुमारे ५५०-६०० मीटर उंची. हवा विरळ, त्यामुळे विमानातल्या वेगमापकावर तोच वेग दिसला तरी जमिनीवरचा वेग जास्त असतो.

मात्र टायर फुटणं किंवा चाकाच्या जोडणीतला बिघाड हीही कारणं असू शकतात. मोडके भाग तपासल्याशिवाय त्या मुलाला किंवा मुलीला दोषी धरू नका.