ज्या मोठ्या कंपनीकडे सर्टिफिकेटं जास्त, ती जास्त सुरक्षित समजायची का?

तुम्ही विचारलंय की एमबीएच्या प्रोजेक्टसाठी पाच मोठ्या आंतरराष्ट्रीय कंपन्या घेतल्यात, प्रत्येकीची सायबर सुरक्षेची सर्टिफिकेटं किती, मागच्या दहा वर्षांत ब्रीच (बाहेरच्यांनी घुसून डेटा नेणं) किती झाले आणि दंड किती भरला हे एका एक्सेलमध्ये टाकून नंबर लावायचाय, तर कुठल्या कॉलमला किती वेटेज द्यावं. खरं तर मी इथे फार लिहीत नाही, पण हा प्रश्न वाचल्यावर राहवलं नाही, कारण अगदी हाच एक्सेल मी स्वतः बनवला होता आणि त्याच्या नंबरवर जो निर्णय झाला तो अजून मला खुपतो.

मी पुण्यात एका परदेशी इन्शुरन्स कंपनीच्या इथल्या ऑफिसमध्ये व्हेंडर रिस्कला आहे. म्हणजे ज्या बाहेरच्या कंपनीला आपला डेटा द्यायचा, तिची सायबर बाजू आधी तपासायची. २०१९ मध्ये क्लेमचे कागद स्कॅन करून सिस्टीममध्ये भरायचं काम बाहेर द्यायचं ठरलं. शेवटी दोन कंपन्या उरल्या, दोन्ही बड्या, दोघींची डझनभर देशांत ऑफिसं. नावं सांगत नाही, पहिली आणि दुसरी म्हणू. माझ्या शीटमध्ये १४० प्रश्न होते. पहिलीला मिळाले ९४, दुसरीला ७१.

दुसरीचे मार्क गेले कुठे तर 'गेल्या तीन वर्षांत काही सिक्युरिटी इन्सिडेंट झाला का' या प्रश्नाला तिने सरळ हो लिहिलं होतं आणि सोबत चार पानी टिपण जोडलं होतं, कसं घुसले, किती दिवसांनी कळलं, कुठल्या क्लायंटला कधी फोन केला, नंतर काय बदललं, सगळं. माझ्या शीटने त्या 'हो'चे १५ मार्क कापले. पहिलीने 'नाही' लिहिलं, पूर्ण १५ मिळाले. बाकीचे मार्क गेले सर्टिफिकेटांवर, पहिलीकडे आयएसओ २७००१ (माहिती सुरक्षेच्या व्यवस्थेचं), सॉक टू (ऑडिटरने तपासलेल्या सुरक्षेचा रिपोर्ट), पीसीआय (कार्ड पेमेंटच्या सुरक्षेचं) सगळं, दुसरीकडे फक्त आयएसओ.

मग साइट व्हिजिट झाल्या. पहिलीचं ऑफिस हिंजवडीला, रिसेप्शनच्या भिंतीवर सगळी सर्टिफिकेटं फ्रेम करून ओळीने लावलेली. वाट बघत बसले होते म्हणून उठून एकेक वाचायला लागले. आयएसओच्या सर्टिफिकेटवर खाली बारीक अक्षरात स्कोप लिहिलेला असतो, तो सहसा कुणी वाचत नाही. तिथे लिहिलं होतं, कंपनीचं परदेशातलं मुख्यालय आणि तिथलं डेटा सेंटर. बस. आमचं काम होणार होतं हिंजवडीच्या तिसऱ्या मजल्यावर, त्या मजल्याचा त्या कागदाशी काही संबंध नव्हता. मोबाइल गेटवर जमा केलेला, त्यामुळे डायरीत शब्द न शब्द उतरवून घेतलं. स्टेटमेंट ऑफ अॅप्लिकेबिलिटी, म्हणजे आयएसओतले कुठले सुरक्षा उपाय लागू केलेत त्याची यादी, मागितलं तर म्हणाले कॉन्फिडेन्शियल आहे. बॅकअप रिस्टोर करून, म्हणजे त्यावरून डेटा खरंच परत आणून, शेवटचं कधी बघितलं विचारलं तर संध्याकाळी मेलवर ३८ पानांची बॅकअप पॉलिसी आली.

दुसरीकडे, खराडीला, हाच प्रश्न विचारला तर बॅकअप बघणाऱ्या एक मॅडम उठल्या आणि कपाटातून निळ्या पुठ्ठ्याचं लांब रजिस्टर घेऊन आल्या. दर तिमाहीला एक रिस्टोर, हाताने लिहिलेला, तारीख, सर्व्हर, सुरू किती वाजता, संपलं किती वाजता, सही. एका ओळीवर लाल पेनने 'फेल, टेप वाचली नाही' आणि खालच्या ओळीत नऊ दिवसांनी परत केलेला रिस्टोर, ६ तास ४० मिनिटं. त्यांनी ते पान स्वतः उघडून दिलं होतं. मी विचारलं, हेच पान का दाखवताय. म्हणाल्या, "पास झालेली पानं तुम्ही बघालच की मॅडम. फेल झाल्यावर आम्ही काय केलं ते बघा."

मी रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहिलं की शीट काहीही म्हणो, माझी शिफारस दुसरीची. आमच्या सरांनी केबिनमध्ये बोलावलं. "बोर्डाला काय रजिस्टर दाखवू का मी? ९४ आणि ७१, विषय संपला." मग म्हणाले, "ज्याच्या घरी चोरी झालीच नाही त्याच्याकडे दागिने ठेवायचे का झाली त्याच्याकडे?" मी म्हटलं, सर, चोरी झाली नाही का झालेली कळली नाही, हे आपल्या शीटमध्ये कुठल्या कॉलममध्ये दिसतं? तर म्हणाले तू फार ताणतेस. काम पहिलीला गेलं. त्या वर्षीच्या माझ्या अप्रेझलमध्ये 'बिझनेसच्या गतीला अडथळा' असं वाक्य आलं, ते मला पाठ आहे.

आता तुमच्या कॉलमांकडे येते. सर्टिफिकेटवर मार्क द्यायच्या आधी अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानांच्या साखळीचं प्रकरण वाचा. सप्टेंबर २०१३ मध्ये त्यांना पीसीआयचं प्रमाणपत्र मिळालं होतं, आणि त्याच वर्षी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये चार कोटी कार्डांचा डेटा गेला. चोर आत आले ते एसी आणि रेफ्रिजरेशनचं काम करणाऱ्या एका कंत्राटदाराच्या लॉगिनवरून. त्यांच्याकडे महागडं डिटेक्शन टूल होतं, ते वाजलंही, बंगळुरूच्या टीमने बघून मिनियापोलिसला कळवलंही, आणि तिथे कुणी हललं नाही. कागदावर सगळं होतं.

लोकांच्या कर्जाची माहिती ठेवणाऱ्या इक्विफॅक्सचं तर त्याहून वाईट. मार्च २०१७ मध्ये अपाचे स्ट्रट्स या वेबसाइटच्या सॉफ्टवेअरमधल्या भोकाचा पॅच, म्हणजे दुरुस्ती, आली, कंपनीत आतला मेल गेला की ४८ तासांत लावा, नियमच तसा होता. एका पोर्टलवर ती लागलीच नाही. नेटवर्कवरची ये-जा तपासणाऱ्या यंत्रणेतलं एक डिजिटल सर्टिफिकेट १९ महिने आधी संपलेलं, म्हणून काही दिसत नव्हतं. ते बदललं त्याच दिवशी संशयास्पद ट्रॅफिक दिसला, तोपर्यंत ७६ दिवस झाले होते आणि सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती गेलेली. तुमच्या शीटमध्ये 'पॅच पॉलिसी आहे का' असा प्रश्न असता तर त्यांना पूर्ण मार्क पडले असते.

दंडाचा कॉलम तर मी काढूनच टाकला असता. ब्रिटनच्या आयसीओ या डेटा-संरक्षण नियामकाने ब्रिटिश एअरवेजला आधी १८.३ कोटी पौंडांची नोटीस दिली, ऑक्टोबर २०२० मध्ये प्रत्यक्षात लावले २ कोटी. मॅरियट या हॉटेल कंपनीला ९.९ कोटींची नोटीस, प्रत्यक्षात १.८४ कोटी. एअरवेजच्या केसमध्ये बाधित लोक चार लाखांच्या वर, मॅरियटच्या केसमध्ये जगभरातले ३३.९ कोटी गेस्ट रेकॉर्ड. मग दंडावरून कोण जास्त धोकादायक ठरवणार? त्यात मॅरियटचा ब्रीच मुळात स्टारवुड या दुसऱ्या हॉटेल कंपनीच्या सिस्टीममध्ये २०१४ पासून सुरू होता, मॅरियटने ती कंपनी घेतली २०१६ ला. कंपनी विकत घेतली की तिच्या भिंतीतली वाळवीपण सोबत येते, म्हणून तुमच्या पाचांपैकी कुणी गेल्या काही वर्षांत मोठी खरेदी केली असेल तर ते आधी बघा.

आणि कंप्लायन्स देशादेशात वेगळा मोजला जातो हे विसरू नका. घटना झाल्याचं कळवायला युरोपात जीडीपीआर या डेटा-संरक्षण कायद्याचे ७२ तास, आपल्याकडे सर्ट-इन या सरकारी सायबर यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे ६ तास, अमेरिकेत एसईसी या शेअर बाजार नियामकाच्या २०२३ च्या नियमाप्रमाणे कामाचे चार दिवस. ऐकायला एकाच जातीचे नियम वाटतात पण घड्याळं वेगवेगळ्या ठिकाणी सुरू होतात. जीडीपीआरचं आणि सर्ट-इनचं कळल्यापासून, एसईसीचं मात्र 'ही घटना गुंतवणूकदारांसाठी महत्त्वाची आहे' असं कंपनीने ठरवल्यापासून. त्यामुळे दोन कंपन्या आपापला नियम पाळून एक तिसऱ्या दिवशी सांगते आणि एक तीन आठवड्यांनी.

आता माझं उरलेलं सांगते. २०२१ मध्ये एका सोमवारी सकाळी पहिलीकडून फाइल यायची थांबली. विचारलं तर सर्व्हर मेंटेनन्स. बुधवारी पण मेंटेनन्स. शुक्रवारी आमच्याच टीममधल्या एका मुलाला रॅन्समवेअर (फाइली लॉक करून खंडणी मागणाऱ्या) टोळीच्या साइटवर त्या कंपनीचं नाव दिसलं, त्यानंतर संध्याकाळी त्यांच्या वकिलाचं पत्र आलं की तपास सुरू आहे. बॅकअप होता, पण त्याच नेटवर्कवर, त्यामुळे तोही लॉक झालेला. काम पुन्हा सुरू व्हायला २३ दिवस लागले. ते २३ दिवस आमच्या पोरांनी शनिवार-रविवार बसून मेलवर आलेले कागद हाताने भरले. क्लेम म्हणजे नुसती फाइल नसते हो, कुणाचं छप्पर उडालेलं असतं, कुणाच्या गाडीला अपघात झालेला असतो, तो माणूस तिकडे पैशाची वाट बघत बसलेला असतो.

नंतरच्या मीटिंगमध्ये सर म्हणाले, "पण सर्टिफिकेट तर व्हॅलिड होतं." व्हॅलिड होतंच, मी नाही कुठे म्हटलं. मी डायरी उघडून २०१९ मध्ये उतरवलेला स्कोप वाचून दाखवला. कुणी काही बोललं नाही, पुढचा अजेंडा घेतला.

म्हणून तुमचा जो 'ब्रीच किती झाले' हा कॉलम आहे ना, माझं भांडण खरं त्याच्याशी आहे. त्यात सांगणारा मार खातो आणि लपवणारा पहिला येतो. नॉर्वेची हायड्रो, अॅल्युमिनियमवाली, १९ मार्च २०१९ ला रॅन्समवेअरने आडवी झाली. ३५ हजार माणसं, ४० देश. त्याच दिवशी जगाला सांगितलं, वेबसाइट बंद तर फेसबुकवरून माहिती दिली, दारांवर कागद चिकटवले की कॉम्प्युटर नेटवर्कला जोडू नका, खंडणी दिली नाही, बॅकअपवरून उभे राहिले. आणि उबर? २०१६ मध्ये ५.७ कोटी लोकांचा डेटा गेला, चोरांना एक लाख डॉलर देऊन वर्षभर गप्प राहिले, त्यांच्या सुरक्षा प्रमुखाला पुढे २०२२ मध्ये कोर्टाने दोषी ठरवलं. २०१७ च्या उन्हाळ्यात तुम्ही हा एक्सेल केला असता तर त्या घटनेसमोर उबरला शून्य दिसलं असतं, म्हणजे पैकीच्या पैकी मार्क.

उभं राहण्यावरून मर्स्क या जहाज कंपनीचं आठवतं. जून २०१७, नॉटपेट्या नावाचा व्हायरस. युक्रेनमधल्या एका टॅक्सच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुरू झालेला प्रकार थेट आपल्या न्हावाशेव्यापर्यंत आला, जेएनपीटीतलं त्यांचं टर्मिनल ठप्प झालं. माझा भाऊ तेव्हा उरणला एका क्लिअरिंग एजंटकडे होता, तो सांगतो की कुठला कंटेनर कुठे आहे हे कुणालाच सांगता येत नव्हतं. दहा दिवसांत त्यांनी ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार पीसी परत उभे केले, पण ते शक्य झालं कारण घानामधल्या ऑफिसात नेमकी लाइट गेलेली आणि तिथल्या डोमेन कंट्रोलरची (नेटवर्कवर कुणाला आत घ्यायचं ते ठरवणाऱ्या सर्व्हरची) एकच चांगली कॉपी वाचली. एवढ्या मोठ्या कंपनीचा रिस्टोर एका लोडशेडिंगवर टिकला होता. तेव्हापासून कुठल्याही कंपनीला माझा पहिला प्रश्न रिस्टोरचा असतो.

आता काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. आयएसओ, सॉक टू बिनकामाचे आहेत असं माझं म्हणणं अजिबात नाही, ज्यांच्याकडे तेही नाही त्यांच्याशी तर मी बोलणंच सुरू करत नाही. सॉक टू असेल तर टाइप टू आहे ना बघा, म्हणजे काही महिन्यांचा कारभार तपासलेला असतो, टाइप वन त्या एका दिवसापुरता. बाहेरून मार्क देणारी रेटिंगं मिळतात तीही वापरा, पण त्यांना इंटरनेटवरून उघडे राहिलेले पोर्ट आणि मुदत संपलेली डिजिटल सर्टिफिकेटं दिसतात, तिसऱ्या मजल्यावरचं बॅकअप दिसत नाही. बँक आणि कपड्यांची साखळी एकाच शीटमध्ये घालू नका. आणि तुम्ही विद्यार्थी, तुम्हाला कुणी रजिस्टर दाखवणार नाही, त्यामुळे अमेरिकेत लिस्टेड अमेरिकन कंपन्या असतील तर त्यांच्या टेन-के या वार्षिक अहवालातला आयटम वन-सी वाचा, सायबरच्या धोक्याची माहिती बोर्डाला कशी पोहोचते ते तिथे लिहावं लागतं. काही कंपन्या नेमकं लिहितात, काहींचा मजकूर दुसऱ्या कुठल्याही कंपनीच्या नावावर खपेल असा असतो. तो फरकसुद्धा मार्क देण्यासारखा आहे.

सर मागच्या महिन्यात एका लग्नात भेटले, रिटायर झालेत आता. विषय निघालाच. म्हणाले, "दुसरीला काम दिलं असतं तर तिलाही रॅन्समवेअर झालंच नसतं कशावरून?" नसतं असं मीही म्हणत नाही. पण सोमवारी सकाळी मला फोन आला असता, आणि त्या निळ्या रजिस्टरप्रमाणे काम मंगळवारी नाही तरी त्याच आठवड्यात सुरू झालं असतं, हे मी त्यांना तिथे जेवणाच्या रांगेत उभं राहून सांगितलं.

तुमच्या गाइडने विचारलं की मग मोजायचं कसं, तर प्रत्येक ब्रीचच्या तीन तारखा काढा, घुसले कधी, कळलं कधी, सांगितलं कधी, आणि मधल्या दिवसांवर मार्क द्या, ब्रीचच्या संख्येवर नको. सुरुवातीला दोन भरून देते. इक्विफॅक्स: १३ मे २०१७, २९ जुलै २०१७, ७ सप्टेंबर २०१७. मॅरियट: जुलै २०१४, ८ सप्टेंबर २०१८, ३० नोव्हेंबर २०१८.