खाडीतल्या कालवांच्या डीएनएमधलं ८-ऑक्सोग्वानिन (डीएनएतल्या ग्वानिन या घटकाचं ऑक्सिडीकरणाने बिघडलेलं रूप) जीसी-एमएसवर (रेणू वाफेच्या रूपात वेगळे करून त्यांचं वस्तुमान मोजणारं यंत्र) मोजायला सिलिलेशन करावंच लागतं का?

हो, जीसी-एमएस वापरणार असाल तर करावंच लागेल. या रेणूचे एनएच आणि ओएच गट हायड्रोजन बंधांनी एकमेकांना घट्ट धरून ठेवतात, त्यामुळे तो तापवला तरी वाफ होण्याआधीच विघटित होतो. बीएसटीएफए या अभिकर्मकाने त्या हायड्रोजनांच्या जागी ट्रायमिथाइलसिलिल गट बसतात, यालाच सिलिलेशन म्हणतात; दर गटामागे वस्तुमान ७२ने वाढतं. चार गट बसले की १६७चा रेणू ४५५चा होतो. मोजणीसाठी ४५५ (अख्खा रेणू) आणि ४४० (एक मिथाइल गट गळालेला) हे आयन धरा.

रत्नागिरीच्या पावसाळी हवेत खरा शत्रू ओलावा. बीएसटीएफए पाण्याशी लगेच अभिक्रिया करून वाया जातं. नमुना डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) पूर्ण कोरडा करा, अभिकर्मक बाटलीच्या सेप्टममधून (रबरी झाकणातून) सिरिंजनेच काढा, आणि तयार नमुना त्याच दिवशी यंत्रावर घाला.

मात्र एक धोका मोठा आहे: हवेत तापवताना साध्या ग्वानिनचंच ऑक्सिडीकरण होऊन ८-ऑक्सोग्वानिन बनतं आणि आकडा खोटा फुगतो. म्हणून नायट्रोजनखाली, कमी तापमानाला काम करा किंवा ग्वानिन आधी एचपीएलसीने (द्रवातले रेणू वेगळे करणाऱ्या यंत्राने) वेगळं काढा. विद्युतरासायनिक डिटेक्टरची एचपीएलसी मिळत असेल, तर माझ्या मते सिलिलेशनच्या वाटेला जाऊच नका. तिथे डीएनए एन्झाइमने तोडून ८-ऑक्सोडीऑक्सीग्वानोसिन (साखरेला जोडलेलं ८-ऑक्सोग्वानिन) थेट मोजता येतं.