गोळ्या सोडल्या म्हणजे विश्वास वाढला का?

"ताई, माझा विश्वास कमी पडला, म्हणून जखम भरत नसंल का?"

मिरजेत समुपदेशनाला बसते तेव्हा ख्रिस्ती घरांतून हा प्रश्न वारंवार येतो. कधी कॅन्सर असतो, कधी मूल होत नसतं, कधी तरण्या मुलाची दारू सुटत नसते. दुखणं वेगळं, प्रश्न हाच. यावेळी विचारणाऱ्या मावशी चोपन्न वर्षांच्या होत्या, तासगावकडच्या. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) सून रिक्षातून घेऊन आली होती. पायाला फडकं गुंडाळलेलं, त्याला वास येत होता.

पंधरा वर्षांची शुगर. दोन महिन्यांपूर्वी गावात चंगाई सभा, म्हणजे प्रार्थनेनं आजार बरे करण्याची सभा झाली. बाहेरून आलेल्या वक्त्यांनी सांगितलं, "त्याला, येशूला, बसलेल्या मारानं आपण बरे झालो आहोत. मग गोळी घेणं म्हणजे देवाला खोटं ठरवणं." मावशींनी त्या रात्रीच इन्शुलिन बंद केलं. जखम चिघळली, तेव्हा फोनवर उत्तर मिळालं की घरात कुणाचं तरी लपलेलं पाप आहे, ते शोधा. आणि मावशी सुनेकडे बघू लागल्या. सून लग्नाआधी देवळात जायची, हेच ते पाप असणार. सहा आठवडे त्यांनी तिच्या हातचं पाणी घेतलं नव्हतं.

त्या दिवशी मी धर्माचा एक शब्द काढला नाही. आधी डॉक्टर. शुगर साडेचारशेच्या वर निघाली, भरती करावं लागलं, एक बोट गेलं. पाय राहिला.

आमच्या कामात शिकवलेलं असतं की समोरच्याच्या श्रद्धेत शिरू नये. मी ते पाळते. पण मावशींचं दुखणं बसलं होतं तेच शिकवणुकीत. "असं मनाला लावून घेऊ नका" म्हणून त्यांना घरी पाठवलं असतं, तर त्यांनी पुन्हा सुई बंद केली असती, कारण त्यांच्या हिशेबी प्रश्न देवाशी एकनिष्ठ राहण्याचा होता. म्हणून सांगितलं, पुढच्या वेळी तुमचंच पवित्र शास्त्र घेऊन या. वाचायचं तुम्ही, मी ऐकेन.

पहिल्यांदा प्रेषित पौलानं आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेलं पहिलं पत्र, पाचवा अध्याय, तेविसावं वचन. पौल तीमथ्याला सांगतो की नुसतं पाणी पिऊ नकोस, पोटासाठी आणि वारंवारच्या दुखण्यांसाठी थोडा द्राक्षारस घे. मावशींनी दोनदा वाचलं. मग चष्मा काढला. "पौलाच्या रुमालानं लोकं बरी व्हायची की वो! मग ह्याला औषध का सांगितलं?"

तो प्रश्न मी त्यांच्याकडेच राहू दिला. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी पौलाचा सोबती त्रफिम भेटला. पौल त्याला मिलेतात आजारी सोडून पुढे गेला होता. त्रफिमाला अविश्वासी म्हटलेलं नाही, त्याच्या घरात पाप शोधलेलं नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात शिष्यांनी जन्मांध माणसाबद्दल नेमका तोच प्रश्न विचारला, पाप कुणाचं, त्याचं की आईबापांचं. येशूनं दोन्ही नाकारलं. इथं मावशी रडल्या. बाहेर बाकावर सून बसली होती, तिच्याकडे बघून रडल्या.

मग ते सभेतलं वचन उघडलं. पेत्राचं पहिलं पत्र, दुसरा अध्याय. आख्खं वाक्य वाचलं तर तिथं बोलणं चाललंय पापाचं, आपण पापाला मरून नीतिमत्त्वासाठी जगावं याचं. वक्त्यांनी अर्धं वाक्य उचललं होतं आणि त्या अर्ध्यावर एका बाईचा पाय टांगणीला लावला होता.

"मग प्रार्थना करायची नाही का?" करायची, मावशी. याकोब आपल्या पत्रात सांगतोच की आजाऱ्यानं मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, वडीलधाऱ्यांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी. देव बरं करतो, हे मी स्वतः मानते. पण तुम्ही दर रविवारी विश्वासांगीकारात, आपण काय मानतो ते सगळे मिळून म्हणता त्यात, काय म्हणता? शरीराचं पुनरुत्थान. पुरतं, कधीच न बिघडणारं शरीर मिळण्याचं वचन त्या दिवसाचं आहे. ते आज, सभा संपायच्या आत मिळालंच पाहिजे असं जो सांगतो, तो न मिळालेल्या माणसाच्या गळ्यात दोष अडकवून पुढच्या गावाला निघून जातो. याचा मला राग येतो आणि तो मी लपवत नाही.

तीमथ्य आणि तीत यांच्या पत्रांत ज्याला सुशिक्षण, म्हणजे खरी शिकवण, म्हटलंय, तिथं मूळ ग्रीक शब्द निरोगी असण्याचा आहे, धडधाकट शरीरासाठी वापरतात तोच. लूकच्या पाचव्या अध्यायात येशू म्हणतो की वैद्याची गरज निरोग्यांना नसते, दुखणाइतांना असते. तिथल्या 'निरोगी'लाही तोच शब्द आहे. लूक तर स्वतः वैद्य. हे सांगितल्यावर मावशी म्हणाल्या, "म्हणजे शिकवण पण नासती, जखमेसारखी."

आपल्याच भागात डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 मध्ये मिरजेत रुग्णालय उभं केलं. ते मिशनरी होते. प्रार्थना आणि शस्त्रक्रिया यांत त्यांना भांडण दिसलं नाही. मावशींच्या सासूचं बाळंतपण त्याच रुग्णालयात झालेलं. हे त्यांना ठाऊक होतं, पण सभेच्या त्या तीन रात्रींत आठवलं नव्हतं.

सुनेची त्यांनी माफी मागितली. ती "बरं" म्हणाली, एवढंच. सहा आठवडे पाणी नाकारलेलं एका शब्दानं भरून येत नाही. त्या दोघींची बैठक अजून चालू आहे.

इन्शुलिन नीट सुरू झाल्यावर मावशी पाळकसाहेबांना घेऊन माझ्याकडे आल्या. काठी टेकून, पण ताठ. "साहेब, सभेला मंडळीचं अंगण तुम्ही दिलं. ते काय शिकवणार, हे आधी विचारलं होतं का?"

पाळकसाहेबांनी बराच वेळ मान वर केली नाही. विचारलं नव्हतं, म्हणाले. गर्दी होईल एवढंच बघितलं. मग मावशींच्या हातातलं शास्त्र मागून घेतलं आणि म्हणाले, बुधवारच्या घरसभेला तीमथ्याची पत्रं घेऊ, सुरुवात तुमच्या घरून करू.